एम.एस्सी. होऊन माश्यांचे फोटो काढायचे?

प्रश्न : माझी मुलगी यंदा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली. पुण्यातल्या एका संग्रहालयाने तिला ११ महिन्यांच्या प्रकल्पावर बोलावलं आहे. काम काय, तर फुलांवर येणाऱ्या माश्यांच्या जुन्या नमुन्यांचं डिजिटायझेशन. आम्ही आंबा बागायतदार. एवढं शिकवून पोरीला माश्यांचे फोटो काढायला पाठवायचं का? बी.एड. केलं तर निदान नोकरीचा मार्ग तरी दिसतो. ती ऐकायला तयार नाही. – एक पालक, रत्नागिरी तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तिला जाऊ द्या, हे आधीच सांगते. तुमची काळजी रास्त आहे. ११ महिन्यांनी पुढे काय, हे बापाने विचारायलाच हवं, आणि त्याचं उत्तर मी टाळणार नाही. पण या कामाची तुमच्यापर्यंत पोचलेली ओळख फारच तोकडी आहे. आधी ते पाहू.

संग्रहालयातल्या लाकडी खणात टाचणीला टोचलेली एक माशी असते. अगदीच बारीक असेल तर कागदाच्या टोकदार तुकड्याला चिकटवलेली. तिच्याखाली त्याच टाचणीत दोन-तीन इवल्याशा चिठ्ठ्या ओवलेल्या असतात. कुठे पकडली, कधी, कोणी. आणि पुढे एखाद्या तज्ज्ञाने ती ओळखली असेल तर तिचं शास्त्रीय नाव आणि त्या तज्ज्ञाचं नाव. शंभर वर्षांची माशी वाळून इतकी ठिसूळ झालेली असते की चिमट्याचा नुसता धक्का लागला तरी पाय गळून पडतो. चिठ्ठ्या अलगद काढायच्या, माशीचे आणि चिठ्ठ्यांचे मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायचे, नमुन्याला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, चिठ्ठ्या होत्या त्याच क्रमाने परत ओवायच्या. इथपर्यंतचं काम हाताचं. डोक्याचं काम चिठ्ठी वाचताना सुरू होतं.

समजा, फिकट झालेल्या शाईत इंग्रजीत ‘खंडाळा’ एवढंच लिहिलं आहे, आणि तारखेतला महिना रोमन आकड्यात. कुठलं खंडाळा? लोणावळ्याजवळचं, सातारा जिल्ह्यातलं, की तुमच्याच तालुक्यातलं वाटद-खंडाळा? तिन्हीकडचा पाऊस वेगळा, झाडोरा वेगळा. चुकीच्या जागी खूण केली तर ती माशी जिथे कधीच नव्हती तिथे नकाशावर जाऊन बसते, आणि पुढचे अभ्यासक ते खरं धरून चालतात. मग पकडणाऱ्याचं नाव बघायचं, त्याच सुमाराच्या त्याच्या इतर चिठ्ठ्या शोधायच्या, तो त्या दिवसांत कुठून कुठे गेला ते जुळवायचं. तेव्हा कुठे अक्षांश-रेखांश लिहायचे, आणि त्यात किती किलोमीटरचा फरक असू शकतो तेही नोंदवायचं. परदेशात बसलेल्या माणसाला हे जड जातं. जुन्या कागदांतलं ‘किर्की’ म्हणजे आपलं खडकी, हे तुमच्या मुलीला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

परदेशाचा विषय उगाच काढला नाही. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे गोळा केलेले कितीतरी कीटक लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, कितीतरी कोलकात्याला. एन्रिको ब्रुनेटी या कीटकतज्ज्ञाने इथल्या सिरफिड माश्यांवर, म्हणजे फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्यांवर, लिहिलेला खंड १९२३ सालचा, तो आजही उघडावा लागतो. लंडनच्या त्या संग्रहालयात सुमारे ८ कोटी नमुने आहेत आणि त्यातल्या थोड्याच भागाची संगणकावर नोंद झाली आहे. अशा नोंदी ‘जीबिफ’ या जागतिक माहितीसाठ्यात जातात. तो २००१ साली सुरू झाला, त्याचं कार्यालय कोपनहेगनला आहे, आणि त्यातली माहिती कुणालाही फुकट पाहता येते. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयाला आग लागली. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ दी जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं आणि तिथला बहुतेक कीटकसंग्रह त्यात गेला. ज्याची नोंदच झाली नव्हती, त्यात काय काय होतं हे आता सांगता येणार नाही. हे काम लवकर व्हावं असं मला फार वाटतं, ते त्यामुळे.

आणि माशीच का, हे तर तुमच्या बागेतच कळेल. पुढच्या मोसमात मोहोर फुलला की सकाळी एखाद्या कलमापाशी थोडा वेळ उभे राहा आणि मोहोरावर कोण कोण येतं ते बघा. माश्या भरपूर दिसतील. आंब्याच्या परागीभवनात त्यांचा मोठा वाटा असतो. ऑस्ट्रेलियात काही आंबा बागायतदार माश्या याव्यात म्हणून बागेत मुद्दाम कुजकं मांस ठेवतात. मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारणी टाळा, असं आपल्याकडे सांगतात ते या कीटकांसाठीच. शिवाय बऱ्याच सिरफिड माश्यांच्या अळ्या पिकावरची मावा ही कीड फस्त करतात. शंभर वर्षांपूर्वी कोकणात कुठल्या माश्या होत्या आणि त्यातल्या कुठल्या आता दिसत नाहीत, हे ताडून बघायचं तर जुना पुरावा या खणांमध्येच आहे.

आता पोटापाण्याचं. संग्रहालयांतल्या कायम जागा मोजक्याच आहेत आणि त्या कधी निघतील याचा भरवसा नाही. फोटो काढणं आणि टाइप करणं एवढंच शिकून ती बाहेर पडली, तर तिच्या हाती फारसं काही लागणार नाही. छापील चिठ्ठ्या संगणक आताच वाचू लागले आहेत. टिकेल ती माशी ओळखणारी नजर. सिरफिड माशी लांबून हुबेहूब मधमाशीसारखी किंवा गांधीलमाशीसारखी दिसते, पण मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, हिला एकच. भिंगाखाली हिच्या पंखात एक शीर अशी दिसते जी दोन्ही टोकांना सुटीच राहते, दुसऱ्या शिरेला जाऊन मिळत नाही. हजारो नमुने हाताखालून गेले की अशा खुणा डोळ्यांत बसतात, आणि इतके नमुने हाताळायची संधी कॉलेजात मिळत नाही. तिने माश्यांचं एकच कुळ धरावं आणि त्यात पक्कं व्हावं. आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस), बंगळूरची कृषी कीटक संसाधनांची राष्ट्रीय संस्था, दिल्लीचा राष्ट्रीय पुसा कीटकसंग्रह, अशा ठिकाणी ही नजर असलेल्या माणसाची किंमत कळते.

याच वर्षात तिने सीएसआयआर-नेट ही विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी, यावर मात्र मी अडून बसेन. त्यातून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७ हजार रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं मिळतं, पीएच.डी.ची वाट मोकळी होते आणि तिला पैशासाठी तुमच्याकडे बघावं लागत नाही. नाहीच जमलं तर बी.एड. दोन वर्षांनीही करता येईल. शिक्षकभरती कशी रखडते हे तुम्हीही बघताच आहात. त्यामुळे तो रस्ता खात्रीचा आणि हा बेभरवशाचा, अशी विभागणी मला पटत नाही.

सही करण्याआधी तिने तिथे विचारून घ्यावं : मानधन दर महिन्याला मिळणार की निधी येईल तसं? माश्या ओळखायला शिकवणारं कुणी तिथे आहे का? नोंदींमध्ये तिचं नाव लागेल का? नेटच्या आधी रजा मिळेल का? संग्रहाच्या खोल्यांत डांबरगोळ्यांचा वास भरून राहिलेला असतो, तेव्हा हवा खेळती आहे का हेही बघून यावं. शिकवणारं कुणीच नसेल, तर माझा सल्ला बदलेल. करारपत्र हाती आलं की प्रत पाठवा, वाचून कळवते.