थरारकथेत मारेकऱ्याच्या हातून वाचलेली मुलगी शेवटी बरी झालेली कशी दाखवावी?

तुमची गोष्ट अशी: सोलापुरातल्या टॉवेल विणायच्या मागांच्या बंद शेडमध्ये चार मित्रांचा खून होतो, एकटी मुलगी वाचते. तीन वर्षांनी मारेकरी परत येतो, या वेळी ती त्याला मारते आणि बरी होते. हे पटेल का, असं विचारलंय. मला नाही पटलं. मारेकरी मेल्यावर वाचकाची भीती संपते, तिची कशी संपेल?

आम्ही सोलापूरच्याच पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत राहायचो. शेजारच्या अक्कांच्या घरालाच लागून चार माग होते, दिवसरात्र खडखडाट. एका रात्री लाइट गेली, माग थांबले आणि त्याच अंधारात चोर शिरले. अक्कांच्या डोक्यात गज घातला. टाके पंधरवड्यात निघाले, चोरही सापडले. पण पुढे कित्येक महिने माग चालू असले की अक्का गाढ झोपायच्या आणि लाइट जाऊन माग थांबले की ताडकन उठून बसायच्या, दोन्ही हात डोक्यावर. त्यांना आवाजाचा नाही, शांततेचा धसका होता. चोर सापडल्याचं कळलं तेव्हा त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

सुनेने त्यांना समुपदेशक बाईंकडे नेलं. बाईंनी सुचवलेला उपाय मी डोळ्यांनी पाहिलाय. भर दुपारी, सून शेजारी उभी, आणि माग अक्कांनी स्वतःच्या हाताने बंद करायचे. पहिल्या दिवशी मिनिटभरसुद्धा जमलं नाही. मग हळूहळू वाढवत नेलं. याला एक्स्पोजर थेरपी म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटलं होतं, म्हातारीला उगाच छळतायत.

स्लॅशरमध्ये, म्हणजे खुनी एकेकाला गाठून मारतो त्या सिनेमांत, शेवटी उरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' हे नाव कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी 1987 साली दिलं. बहुतेक वेळा ती उरली की सिनेमा संपतो. 1978 च्या 'हॅलोविन'मधली लॉरी मात्र 2018 च्या भागात पुन्हा भेटते: घराचा किल्ला केलेला, बंदुका जमवलेल्या, पोटची मुलगी दुरावलेली. मला त्यातल्या मारामारीपेक्षा ती दुरावलेली मुलगी जास्त लक्षात राहिली. तुमच्या नायिकेचं असं कोण दुरावलंय? मसुद्यात तिला आई आहे, पण ती फक्त चहा आणून देते.

आणखी एक. त्या रात्रीची आठवण तुम्ही सलग सहा पानं सांगितली आहे. अशी आठवण इतकी ओळीने येत नाही. ओल्या सुताचा वास येतो, पायातली एक चप्पल आठवते, मधलं काहीच नाही. कोर्टात तेच ओळीने सांगायला लावतात आणि मागचापुढचा क्रम चुकला की आरोपीचा वकील तिला खोटं पाडतो. हा प्रसंग तुमच्याकडे नाहीच. तो घाला, सुऱ्यापेक्षा जास्त घाबरवेल.

शेवटी मारेकरी मरू दे की, माझी हरकत नाही. पण त्याच्या आधी कधीतरी, भर दिवसा, तिला त्या शेडचं कुलूप स्वतः उघडू द्या. बरोबर आई असू दे.

आणि हो, पान 12 वर शेडचा भोंगा वाजतो. भोंगा गिरणीला असायचा हो, मागाच्या शेडला कुठला भोंगा!