भाषा एका कुळाची, पूर्वज दुसऱ्या

प्रश्न : पॅसिफिक महासागरातील वानुआतु बेटांवर शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि त्या सर्व तैवानकडून पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुळातील आहेत, असे वाचले. तेथील लोकही मूळचे तिकडचेच समजायचे का?

उत्तर : पहिले वसाहतकरी तिकडचेच होते, आजच्या लोकांचे पूर्वज मात्र बहुतांशी दुसरीकडचे आहेत. एफाते बेटावर तेऔमा येथे कोळंबी संवर्धनासाठी माती काढताना नक्षीदार खापर सापडले आणि सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची दफनभूमी उजेडात आली. पुरल्यानंतर काही काळाने डोके काढून घेण्याची रीत असल्याने प्रौढांच्या सांगाड्यांना कवट्या नव्हत्या. एका सांगाड्याच्या छातीवर मात्र तीन कवट्या ओळीने मांडलेल्या होत्या, तर एक मडक्यात होती. या मोजक्या कवट्यांचे मोल फार मोठे आहे, कारण उष्ण, दमट हवेत नष्ट होणारा डीएनए आतल्या कानाभोवतीच्या अतिशय घट्ट हाडात टिकून राहतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेऔमाच्या त्या माणसांचे तैवान व उत्तर फिलिपिन्समधील आदिवासींशी जवळचे नाते होते आणि न्यू गिनीकडच्या पापुअन पूर्वजांचा अंश त्यांच्यात जवळजवळ नव्हता.

आज वानुआतुत तोच अंश सर्वाधिक आहे. तेऔमानंतरच्या काही शतकांतच न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क द्वीपसमूहातून, विशेषतः त्यातल्या न्यू ब्रिटन बेटाच्या बाजूने, माणसे येत राहिली, असे २०१८ च्या अभ्यासांतून दिसले. माणसे इतकी बदलूनही भाषा मात्र आधीच्यांचीच राहिली, आणि मला यातली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. आलेले लोक एकदम न येता पिढ्यान्‌पिढ्या थोडेथोडे आले आणि त्यांच्या मूळ पापुअन भाषा परस्परांना न कळणाऱ्या होत्या, म्हणून तेथे रुळलेली भाषाच सर्वांच्या सोयीची ठरली असावी, हा संशोधकांचा तर्क पटण्याजोगा आहे.

म्हणून भाषेवरून वंश ठरवण्याची घाई करू नये; मात्र दोन्हींचा संबंध कोठेच नसतो, असेही नाही. खुद्द न्यू ब्रिटनच्या डोंगराळ अंतर्भागात राहणारे बाइनिंगसारखे पापुअन भाषक गट शेजाऱ्यांपासून आनुवंशिकदृष्ट्याही ठळकपणे वेगळे आहेत. याउलट किनाऱ्यावर होड्यांची ये-जा आणि सोयरिकी होत राहिल्याने भाषा वेगळ्या असूनही माणसे मिसळून गेली आहेत.