शेतात निसर्गाशी जोडलेलं घर बांधायचंय. खान्देशच्या उन्हात मोठ्या काचा चालतील का?

चालतील, पण तुम्ही म्हणता त्या बाजूला नाही. तुम्ही लिहिलंय की चोपड्याजवळ केळीच्या मळ्यात घर बांधताय आणि आर्किटेक्टनं हॉलला पश्चिमेकडून अख्खी काचेची भिंत दाखवलीय, बागेमागे मावळणारा सूर्य दिसावा म्हणून. चित्रात छान दिसत असेल. मे महिन्यात दुपारी चारला तिथे तासभर बसून दाखवा म्हणावं.

मी याच भागात घरं बांधतो. माझं मत असं की, आपल्याकडे घर निसर्गाशी जोडायचं तर ते कोणत्या वेळी उघडायचं आणि कोणत्या वेळी बंद ठेवायचं, हे आधी ठरवावं लागतं. बाहेर ४५ अंशांची झळ असताना सताड उघडं घर काय कामाचं?

आता ऊन कुठून येतं ते बघा. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही. तापतो तो स्लॅब, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. उत्तरेला थेट ऊन लागतं ते जूनच्या मागेपुढे, तेही सकाळ-संध्याकाळ तिरपं. खिडकीच्या बाजूला एक उभी पडदी काढली की अडतं. आणि भाऊ, तुमच्या उत्तरेला सातपुडा आहे! मोठी खिडकी तिकडे काढा. पावसाळ्यात हिरवागार डोंगर घरात बसून दिसेल, आणि उन्हाचा त्रास नाही. पश्चिमेला जिना, न्हाणी, कोठीची खोली टाका. झळ त्यांनी खावी.

केळीला तुम्ही कडेनं शेवरी लावत असालच, गरम वाऱ्यानं पानं फाटू नयेत म्हणून. घराच्या पश्चिमेला तेच करा. शेवरी पटकन वाढते, तिच्या आडोशाला निंब लावा. निंबाचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतो आणि ऊन कडक व्हायच्या आत नवी पालवी येते, याहून शहाणं झाड आपल्या हवेला नाही. फक्त घराच्या पायापासून तीसेक फूट तरी लांब ठेवा. वड-उंबर तर घराजवळ नकोच.

हे अंतर काळ्या जमिनीमुळे. ही माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. झाडाच्या मुळांनी एका बाजूचं पाणी ओढलं की घराचा तो कोपरा बसतो. जुनी गावं पांढरीवर वसली आणि काळी पिकाला ठेवली, ती उगीच नाही. आता मळ्यातच राहायचं म्हटल्यावर मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेले, खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घाला; हे पाइल रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच जमिनीसाठी विकसित केले. घराभोवती तीन-चार फुटांची फरशी बाहेरच्या उताराची करा, पागोळ्यांचं पाणी पायात मुरता कामा नये. लोक हे सोडून आधी टाइल्स निवडायला जातात.

छताबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरी लढाई तिथेच आहे. आपली धाब्याची घरं आठवा: सागाच्या सऱ्यांवर कड्या, त्यावर काड्या आणि पाला, मग मातीचा जाड थर, आणि सगळ्यात वर खारी माती. या मातीतल्या क्षारांमुळे पाणी लागलं की तिचे बारीक कण सुटे होऊन फटी बुजवतात, म्हणून धाबं गळत नाही. दरवर्षी मिरगाच्या आधी नवा थर टाकायचा. दीड-दोन फुटांच्या भिंती आणि हे छत दुपारचं ऊन आत पोचायला रात्र करतात. मग रात्री आतून उकडतं, तेव्हा माणसं वर धाब्यावर झोपायला जायची. म्हणजे दिवसा घर आणि रात्री धाबं, अशी ती पूर्ण व्यवस्था होती.

आज एवढं साग कोण आणणार? स्लॅबच घाला, पण वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, बसवा. तेवढं बजेट नसेल तर दर मार्चमध्ये चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून दोन हात मारा. जिना बाहेरून घ्या, गच्चीला कठडा आणि पाण्याचा नळ द्या. संध्याकाळी गच्ची धुतली की झोपायला जागा तयार. भिंतींसाठी वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुळवलेली रॅट-ट्रॅप पद्धत चांगली: विटा उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते, उष्णता कमी शिरते आणि जवळजवळ पाव हिस्सा विटा वाचतात. गवंड्याला आधी एक भिंत करायला लावून बघा, सगळ्यांना जमत नाही.

खिडक्यांना जाळी हवीच. निसर्ग घरात घ्यायचा म्हणजे डास आणि विंचूही विचारून येत नाहीत.

शेवटी पाणी. सहाशे चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी २७ हजार लिटरच्या आसपास पाणी हाती येतं. गाळणी लावून ते बोअरजवळच्या खड्ड्यात सोडा. पश्चिमेच्या काचेचे पैसे वाचले की पाया, मोझॅक आणि हे पाइपिंग यांना बराच हातभार लागेल. आर्किटेक्टकडून तेवढा हिशेब आधी मागून घ्या.