नव्या इलेक्ट्रिक बाइकमध्ये नक्की काय मागायचं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

नवीन इलेक्ट्रिक मोटरसायकलमध्ये कुठले फीचर्स हवेत यावर भरपूर प्रश्न आलेत, सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. बहुतेकांची मागणी एकच आहे, रेंज वाढवा. माझं मत जरा वेगळं आहे. रेंज किती यापेक्षा सांगितलेली रेंज खरी किती आणि संपल्यावर परत भरायला वेळ किती, हे आधी मागा.

प्रश्न : सर, कंपनी २०० किमी सांगते आणि हायवेला धड १२० पण मिळत नाही. मी तर सरळ मोठी बॅटरी मागणार, कमीत कमी २० किलोवॅट-अवरची. चुकतंय का काही?

चुकत नाही, पण ती बॅटरी तुम्हालाच पेलायची आहे. डुकाटीने मोटोई या इलेक्ट्रिक बाइकच्या रेससाठी व्ही२१एल बनवली, तिची बॅटरी १८ किलोवॅट-अवरची (एक किलोवॅट-अवर म्हणजे विजेचं एक युनिट) आणि नुसत्या बॅटरी पॅकचं वजन ११० किलो. ही रेसची गाडी, एकेक ग्रॅम वाचवून बनवलेली, तरी हा आकडा. मग रोजच्या वापराच्या बाइकमध्ये २० चा पॅक टाकला तर तो याहून हलका होईल अशी आशा नको, आणि पार्किंगमधून गाडी मागे ओढताना तो प्रत्येक किलो जाणवतो.

आता २०० चे १२० का होतात ते बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५० वरून १०० ला गेलात की दर किलोमीटरला हवा कापायला चौपट एनर्जी लागते. टायरचा रोध तेवढा वाढत नाही म्हणून एकूण खर्च चौपट होत नाही, पण दुपटीच्या आसपास सहज जातो. हार्ले डेव्हिडसनची २०१९ ची लाइववायर घ्या, १५.५ किलोवॅट-अवरची बॅटरी, शहरात २३५ किमी आणि शहर-हायवे मिळून १५३ किमी असे दोन्ही आकडे कंपनीनेच दिले होते. गाडी तीच, बॅटरी तीच, फरक फक्त वेगाचा. पेट्रोल गाडीत हे आपल्याला कळत नाही कारण एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-अवर एनर्जी असते, इंजिन त्यातली जेमतेम पाव वापरतं आणि बाकीची उष्णता होऊन जाते, तरी टाकी मोठी म्हणून भागतं. त्या हिशोबाने १५.५ ची बॅटरी म्हणजे चाकापर्यंत पोचणारी सहा-सात लिटर पेट्रोलची ताकद. एवढ्या छोट्या टाकीवर चालताना काटा खोटं बोलून चालत नाही.

म्हणून मागणी अशी करा : ५०, ८० आणि १०० च्या स्थिर वेगाला, सरळ बसलेला रायडर धरून, किलोमीटरला किती वॅट-अवर लागतात ते छापून द्या. मीटरवर नुसते टक्के नकोत, मागच्या काही किलोमीटरचा प्रत्यक्ष खर्च आणि उरलेली एनर्जी दिसली पाहिजे. आणि शेवटच्या १० टक्क्यांत गाडी कशी वागते हे आधी विचारा, पॉवर हळूहळू कमी करते की एकदम झोपते, कारण ओव्हरटेक करताना मधेच पॉवर गेली तर जिवाशी खेळ आहे. पुढची चांगली विंडस्क्रीन पण मागा, हायवेवाल्यांना ती बॅटरी न वाढवता रेंज देते, तिचा विचार फारसं कुणी करत नाही.

प्रश्न : बॅटरी काढून घरात नेऊन चार्ज करता येणारी हवी की फास्ट चार्जिंगवाली? दोन्ही का देत नाहीत?

दोन्ही देतात काही जण, पण मोटरसायकलच्या साइजला ते जमवणं अवघड जातं. होंडाचा काढता येणारा मोबाइल पॉवर पॅक बघा, एका पॅकमध्ये साधारण १.३ किलोवॅट-अवर आणि वजन १० किलोच्या आसपास. एक माणूस जिना चढून रोज नेऊ शकेल अशी ही मर्यादा झाली. स्कूटरला असे दोन पुरतात, पण हायवेला पळणाऱ्या बाइकला सहा-आठ लागतील आणि ते कोण उचलणार! गोगोरोने तैवानमध्ये २०१५ पासून बॅटरी बदलून देणाऱ्या स्टेशनचं जाळं उभं केलं आणि ते चाललं, कारण गाड्या स्कूटर होत्या आणि स्टेशनं जागोजागी होती. होंडा, यामाहा, केटीएम आणि पियाजिओ यांनी २०२१ मध्ये एकच कॉमन बॅटरी ठरवण्यासाठी गट केला तोही हलक्या गाड्यांसाठीच.

त्यामुळे आधी स्वतःला विचारा, रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे सॉकेट आहे का? नसेल आणि रोजचं जाणं-येणं थोडंच असेल तर काढता येणारी बॅटरी घ्या, डोळे झाकून. सॉकेट असेल तर पॅक फिक्स असू दे, तो जास्त मजबूत बसवता येतो आणि कनेक्टर रोज काढ-घाल करून झिजत नाहीत.

फास्ट चार्जिंगबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. गाडीवरचा फास्ट चार्जरचा सिंबॉल बघून खूश होऊ नका, गाडी स्वतः किती किलोवॅट घेते आणि किती वेळ घेते ते विचारा. लाइववायर डीसी फास्ट चार्जरवर ० ते ८० टक्के ४० मिनिटांत आणि १०० टक्के ६० मिनिटांत होते असा कंपनीचाच आकडा आहे, म्हणजे शेवटच्या २० टक्क्यांना २० मिनिटं. सेल भरत आला की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, करंट कमी करतं आणि ते करायलाच हवं, म्हणून प्रवासात ८० ला निघा, पुढे थांबून बसण्यात अर्थ नाही. आणि साध्या एसी पॉइंटवर सगळं गाडीच्या आतल्या चार्जरवर ठरतं. १० किलोवॅट-अवरच्या बॅटरीला आत ३.३ किलोवॅटचा चार्जर असेल तर बाहेरचा पॉइंट कितीही दणकट असला तरी तीन तासांच्या आत होत नाही. ब्रोशरमध्ये हा ऑनबोर्ड चार्जरचा आकडा शोधा, बऱ्याचदा तो एकदम खाली बारीक अक्षरात असतो.

प्रश्न : गिअर नाही, क्लच नाही, मग मजा काय? कंपन्यांना क्लच द्यायला सांगा ना.

गिअरवाल्या इलेक्ट्रिक बाइक आहेत, मॅटर कंपनीची एरा चार गिअरची आहे. पण मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क देते, त्यामुळे बहुतेकांनी गिअरबॉक्स गाळला आणि वजन, तेल, कटकट वाचवली. मजेबद्दल मी भांडणार नाही, ती ज्याची त्याची. क्लचचं दुसरं काम मात्र खरंच हरवलंय आणि त्याबद्दल फार कमी लोक लिहितात. ट्रॅफिकमध्ये पायी चालण्याच्या स्पीडला, चढावर यू टर्न घेताना आपण हाफ क्लचवर गाडी तोलतो, इलेक्ट्रिकमध्ये ते सगळं काम एकट्या थ्रॉटलवर येतं. थ्रॉटलचा पहिला मिलिमीटर-दोन मिलिमीटर कसा ट्यून केलाय त्यावर गाडी शहाणी की धसमुसळी ते ठरतं. टेस्ट राइडला गेलात की ० ते १०० नंतर बघा, आधी रिकाम्या जागेत हँडल पूर्ण वळवून पाय न टेकता आठचा आकडा काढा. गाडी झटके देत असेल तर इको मोडमध्ये पण करून बघा, तिथेही तेच असेल तर सोडून द्या.

प्रश्न : माझी उंची कमी आहे, गाडी उभी असताना ढकलायची भीती वाटते. याला काही फीचर आहे का?

आहे ताई, रिव्हर्स किंवा पार्क असिस्ट मोड, मोटर उलटी फिरवणं हे सॉफ्टवेअरचं काम आहे त्यामुळे जवळजवळ फुकट मिळायला हवं असं फीचर आहे हे. लाइववायरसारख्या गाड्या २५० किलोच्या घरात जातात, उतारावर नाक करून उभी केलेली अशी गाडी मागे ओढणं उंच माणसालाही जड जातं. मोड असा हवा की स्पीड चालण्याइतकाच राहील आणि ब्रेक दाबला की लगेच सुटेल. सीट किती उंच यासोबत सीट किती रुंद ते पण बघा, रुंद सीटवर पाय फाकतात आणि टाच वर राहते.

प्रश्न : रीजनरेटिव्ह ब्रेकिंग जास्तीत जास्त असेल तर रेंज किती वाढते?

अपेक्षेपेक्षा कमी. रीजन म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते. कारच्या तुलनेत बाइकचं वजन कमी, म्हणून परत मिळवायला एनर्जीच कमी असते, आणि वेगात बहुतेक खर्च हवेवर झालेला असतो, तो काही परत येत नाही. त्यात रीजन लागतं मागच्या चाकाला, आणि ब्रेक मारला की वजन जातं पुढे. मागचं चाक हलकं झालेलं असताना त्यावर जोरात रीजन आलं, रस्ता ओला किंवा खडीचा असला, तर चाक सरकतं. म्हणून जास्तीत जास्त रीजन मागू नका, लेव्हल बदलता येणारं मागा, पार बंदसुद्धा करता आलं पाहिजे, आणि चाक सरकायला लागलं की ते आपोआप कमी होईल असं कंट्रोल हवं. एबीएस तर हवंच, वळणावर चालणारं मिळालं तर उत्तम.

आणखी एक, बॅटरी पूर्ण भरलेली असताना किंवा खूप थंड असताना रीजन मिळत नाही किंवा अगदी थोडं मिळतं, कारण परत आलेली वीज घ्यायला सेल तयार नसतात. रोज १०० टक्के चार्ज करून घरातून निघालात आणि पहिल्याच उतारावर थ्रॉटल सोडला तर गाडी नेहमीसारखी थांबत नाही! अशा वेळी मीटरवर ठळक सूचना आली पाहिजे. जोराचं रीजन लागलं की मागचा ब्रेक लाइट पेटायला हवा, नाहीतर मागच्याला कळणारच नाही तुम्ही स्लो होताय ते. हे शोरूममध्येच कुणालातरी मागे उभं करून तपासता येतं, मेन स्टँड असेल तर.

प्रश्न : मोठा टचस्क्रीन, अ‍ॅप, मॅप, गाणी. तुमचं मत?

मॅप ठीक. हातात ग्लोव्ज, स्क्रीनवर पावसाचे थेंब, अशा वेळी टच चालत नाही, म्हणून मोड, रीजन आणि हीटेड ग्रिप यांना हाताला कळणारी खरी बटणं पाहिजेत. फोन बंद पडला किंवा नेटवर्क गेलं तरी गाडी चालू झाली पाहिजे, ही अट सोडू नका. आणि 'रेडी'चा दिवा मोठा, हिरवा, उन्हातही दिसणारा हवा. इंजिनचा आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे हे लक्षात राहत नाही, कुणीतरी सहज थ्रॉटल पिळतो आणि गाडी भिंतीवर. साइड स्टँड खाली असेल तर मोटर बंद, हे पण हवंच.

प्रश्न : आयपी६७ लिहिलंय म्हणजे प्रेशर वॉशरने धुतली तर चालेल ना?

नाही. आयपी६७ म्हणजे तो भाग एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जाणार नाही. जोराच्या धारेची टेस्ट वेगळी असते, तिला आयपी६९के म्हणतात. शिवाय ६७ हे बहुतेक वेळा बॅटरी पॅकचं किंवा मोटरचं रेटिंग असतं, अख्ख्या गाडीचं नाही. चार्जिंग पॉइंटचं झाकण हाताने उघडून बघा, रबर सगळीकडून सारखं बसतं का, आणि तळाला पाणी निघून जायला भोक आहे का.

प्रश्न : एलएफपी बॅटरी मागू की एनएमसी? आणि वॉरंटीत काय बघू?

रोज वापर, रोज चार्ज आणि गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), तिला चार्जिंगच्या फेऱ्या जास्त मिळतात आणि तापली तरी ती तुलनेने शांत असते. लांबचे पल्ले आणि हलकी गाडी हवी असेल तर एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्टवाली), तेवढ्याच वजनात जास्त एनर्जी. एलएफपीत एक अडचण, तिचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतो त्यामुळे किती शिल्लक आहे याचा अंदाज बीएमएसला चुकू शकतो, म्हणून अधूनमधून पूर्ण १०० पर्यंत चार्ज करायला कंपन्या सांगतात, ते करा.

वॉरंटीत नुसती वर्षं वाचू नका. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदलून देणार, ती कोण मोजणार आणि तो आकडा तुम्हाला गाडीच्या स्क्रीनवर दिसणार का, हे तिन्ही लेखी घ्या. बॅटरीची तब्येत मालकाला दिसत नसेल तर पुढे गाडी विकताना तुम्ही काहीच सिद्ध करू शकत नाही, आणि सेकंडहँड घेणारा पहिला प्रश्न तोच विचारणार.