सोलापुरात युनिफॉर्म शिलाईचं छोटं युनिट आहे. चालू खातं कुठं उघडू आणि विमा कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न वाचला. आठ मशीन, सहा कारागीर, वर्षाला पंचवीसेक लाखांची उलाढाल. आजवरचा सगळा व्यवहार स्वतःच्या बचत खात्यावर आणि बायकोच्या नावच्या क्यूआर कोडवर. सहकारी बँकेतले ओळखीचे संचालक "आमच्याकडंच या" म्हणतात, मेहुणा म्हणतो राष्ट्रीयीकृत बँकेत जा, आणि एजंट मनी-बॅकचा (मधे-मधे थोडे पैसे परत देणाऱ्या आयुर्विम्याचा) फॉर्म घेऊन दारात उभा आहे.

मी सतरा वर्षं याच धंद्यात आहे, अक्कलकोट रोडला गाळा आहे. मी सीए नाही, एजंट तर नाहीच. दोनदा चांगला आपटलोय, त्या अनुभवावर लिहितो.

आपल्या सोलापुरात बँक निवडायची पद्धत कशी, तर कुणाचा कोण तिथं बसतो. मीही तसंच केलं. गल्लीतलेच संचालक, मॅनेजर नावानं हाक मारायचा, चेक कमी पडला तर आधी फोन यायचा, "मालक, संध्याकाळपर्यंत भरा, मी थांबवतो." हे सुख मोठ्या बँकेत मिळत नाही, हे मी आजही म्हणतो. म्हणून चालू खातं, बचत खातं, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली चार लाखांची एफडी, सगळं तिथंच. बेरीज सात लाख सत्तर हजार. एके दिवशी पेपरात आलं, रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात ही गर्दी! आत तोच मॅनेजर, तेच संचालक, आणि कुणाच्या हातात काही नाही. त्या आठवड्याचा पगार मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून केला.

ठेवींना विमा असतो हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. ठेव विमा महामंडळ एका बँकेत एका माणसाला जास्तीत जास्त ५ लाख देतं. फेब्रुवारी २०२० च्या आधी तर ही मर्यादा फक्त १ लाख होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत हे पैसे मिळायची सोय झाली, ते मात्र मला मिळाले. मेख पुढं आहे. माझी समजूत होती की चालू खातं दुकानाच्या नावाचं, बचत माझ्या नावाचं, म्हणजे दोन वेगळे हिशेब. तसं नसतं. एकट्या मालकीचा धंदा म्हणजे कायद्याच्या नजरेत मीच. चालू, बचत, एफडी, पिग्मी, सगळ्या शाखांतलं, व्याजासकट एकत्र धरतात आणि ५ लाखांवर रेघ मारतात. बायकोचं स्वतःचं खातं वेगळं धरतात, भागीदारी फर्मचंही वेगळं. माझे वरचे दोन लाख सत्तर हजार अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या बँकेची देणी-घेणी निपटणाऱ्या अधिकाऱ्याच्या, फायलीत आहेत. अधूनमधून चौकशी करतो, सवय म्हणून.

म्हणजे सहकारी बँक वाईट असं नाही. आजही माझं एक खातं नागरी सहकारी बँकेत आहे, कारण त्यांची शाखा दुकानापासून चार पावलांवर आहे आणि दुपारी रोख भरायला पोऱ्या पाठवता येतो. पण तिथं फिरता पैसा ठेवतो, साठा नाही. ओळख चहापुरती, ५ लाखांच्या वर एका बँकेत एक रुपया नाही. पतसंस्थेची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथल्या ठेवीला हा ५ लाखांचा विमा मुळातच लागू नाही. रोज दुकानात येणारा पिग्मीवाला बँकेचा आहे की पतसंस्थेचा, हे पावतीवर वाचून घ्या. दोघांची पुस्तकं दिसायला सारखीच असतात. भिशीबद्दल बोलत नाही, ती सगळेच लावतात, मीही लावतो.

आता तुमच्या क्यूआर कोडकडं येतो, कारण खरी चूक तिथं होतीय. बायकोच्या खात्यात येणारे पैसे तुमच्या धंद्याचे म्हणून कुठंच दिसत नाहीत. उद्या भिलवाड्याचं कापड उचलायला कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज) मागायला गेलात, की बँक तुमची उलाढाल बघणार. छोट्या धंद्याला खेळतं भांडवल देताना बँका साधारण अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्क्यांचा हिशेब लावतात. २५ लाखांवर पाच लाखांची सीसी बसते. कागदावर तुमची उलाढाल दहा लाखच दिसली, तर दोन लाख म्हणतील आणि त्यांचं चुकलं असंही नाही. चालू खात्याला व्याज नसतं म्हणून लोक बचत खात्यालाच चिकटून बसतात. वर्षाचे हजार-दोन हजार रुपये व्याज वाचवायला पाच लाखांची पत घालवतात. शिवाय आयकरात विक्रीवर ठराविक टक्के नफा धरायच्या योजनेत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडी) जाणार असाल, तर बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरतात, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के. क्यूआर आजच स्वतःच्या चालू खात्याला जोडा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, कुणाला हजार रुपये देऊ नका.

जाता जाता एक जीएसटीचं. कापड तुमचं आणि तयार युनिफॉर्म विकत असाल, तर नोंदणीची मर्यादा ४० लाख. दुसऱ्याचं कापड नुसतं शिवून देत असाल, तर ती सेवा धरतात आणि तिथं मर्यादा २० लाखांची आहे. तुमचे पंचवीस यातले कुठले, हे सीएला याच आठवड्यात विचारा.

सीसीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या धंद्याला तीच फिट बसते. आपलं गणित सगळं शाळेवर. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की कापडाच्या ऑर्डरी, मार्च ते जून मशीनला श्वास नाही, आणि शाळावाले पैसे देणार जुलै-ऑगस्टात, काही तर दिवाळीला. मुदत कर्ज घेतलं तर सप्टेंबरात पैसा पडून आणि हप्ता चालू. सीसीत जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरच व्याज. मेमध्ये भरलेली सीसी सप्टेंबरात खाली आलेली दिसली, की बँकेचा माणूस खूश. बारा महिने काठोकाठ भरलेली दिसली की त्याच्या कपाळाला आठी. मशीन घ्यायची तर मुदत कर्जावर घ्या. मुद्राखाली १० लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि आधीचं 'तरुण' गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत मिळतं. सीसीतून मशीन घेऊ नका, आणि देवाच्यान सीसीतून प्लॉट घेऊ नका. आमच्या लाइनीत तीन चांगली माणसं मशीन बिघडून नाही, प्लॉट घेऊन बुडाली.

जामीनकीचंही बघा. सहकारी बँकेत कर्ज घेतलं की दोन जामीनदार लागतात, मग तुम्ही त्याला आणि तो तुम्हाला. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि ते कर्ज तुमच्या सिबिलमध्येही दिसतं. मेहुण्याला नाही म्हणता येत नाही, मान्य. पण किती जणांना जामीन राहिलोय याची यादी तरी वहीत ठेवा.

विम्याकडं येतो. माझा दुसरा फटका तिथलाच.

सीसी असली की मालाचा विमा बँक उतरवते आणि प्रीमियम खात्यातून कापते. आपण पॉलिसी बघतसुद्धा नाही. मी साखर पेठेतला जुना गाळा सोडून दुसरा भाड्यानं घेतला, माल हलवला, बँकेत तोंडी सांगितलं. "हो हो मालक, करून घेतो," म्हणाले. जूनच्या एका रात्री पाऊस इतका झाला की गटार उलटून गाळ्यात गुडघाभर पाणी. खालच्या थप्प्या गेल्या, दोन लाख चाळीस हजारांचं नुकसान. सर्व्हेयर आला, माणूस सज्जन होता. त्यानं फोटो काढायच्या आधी पॉलिसीवरचा पत्ता वाचला आणि माझ्याकडं बघितलं. पत्ता साखर पेठेचा. एक पैसा मिळाला नाही. बँकेवर चिडलो, पण तोंडी सांगितल्याचा पुरावा काय? आता पत्ता बदलला, माल दुसरीकडं हलवला, भिंत पाडली, काहीही झालं तरी अर्ज देतो आणि पोच घेतो. पॉलिसीची प्रत गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये असते.

तुमच्यासारख्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे, एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं एकाच मसुद्याची मिळते. आग, वादळ, पूर, भूकंप त्यात येतात. विम्याची रक्कम ठरवताना मात्र कंजूषपणा अंगाशी येतो. वीस लाखांचा माल, विमा दहा लाखांचा, आणि चार लाखांचं नुकसान झालं, तर चार नाही, दोनच मिळतात. अर्धाच विमा, म्हणून भरपाईही अर्धी. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते, पण आपली तफावत १५ टक्क्यांची थोडीच असते! एप्रिल-मेमध्ये गाळ्यात छतापर्यंत माल असतो, तो आकडा धरा, दिवाळीतला नव्हे. साधी चोरी यात येत नाही, घरफोडीची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि तिथंही कुलूप-शटर फोडल्याच्या खुणा लागतात. कारागिरानंच थान उचललं तर ती त्यात बसत नाही.

मे २०२५ मध्ये आमच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यानंतर मी सगळं वायरिंग बदललं आणि मागच्या दाराचं कुलूप कायमचं काढलं. प्रीमियमच्या आधी तो खर्च करा. कारागिरांना कामावर इजा झाली तर त्यासाठी नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या. तुमची माणसं दहा झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा) बघावं लागेल. प्रत्येकाच्या बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं अपघाती २ लाखांचं संरक्षण मिळतं, ते मीच भरतो. सहा जणांचे १२० रुपये, एका वेळच्या चहा-भजीत जातात.

आरोग्य विम्यावर फार लिहीत नाही, घ्या एवढंच. घ्यायचा तो खोलीभाड्याची मर्यादा नसलेला. मर्यादा ३ हजारांची आणि खोली ६ हजारांची घेतली, तर नुसतं भाडं नाही, बाकीचं बरंचसं बिलही त्याच प्रमाणात कापतात. आणि शुगर असेल तर लिहा. एजंट म्हणतो, "लिहू नका ओ, प्रीमियम वाढतो." आधीच्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. लिहून ३ वर्षं थांबणं परवडतं, लपवून ऐन ऑपरेशनच्या वेळी नकार आलेला परवडत नाही.

राहिला तुमचा मनी-बॅक. वर्षाला ५० हजार भरून हातात संरक्षण पाच-सात लाखांचं. तुमच्यावर उद्या सीसी, मशीनचं कर्ज, कापडवाल्यांची उधारी असणार. एकट्या मालकीत धंद्याचं कर्ज म्हणजे तुमचं कर्ज, घरादारापर्यंत पोचणारं. तुम्हाला साधा टर्म इन्शुरन्स हवा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा. तो घेताना फॉर्ममध्ये विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली घ्यायचा का, असा एक रकाना असतो, तिथं हो म्हणा. मग ते पैसे फक्त बायको-मुलांचे, सावकार किंवा बँक त्याला हात लावू शकत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, मागून जोडता येत नाही. एजंट स्वतःहून सांगत नाहीत, मला तरी कुणी सांगितलं नव्हतं, माझी पहिली पॉलिसी तशीच साधी आहे.

आणि चालू खात्याला वारस (नॉमिनी) लावा. बचतीला सगळे लावतात, दुकानाच्या खात्याचा रकाना कोरा राहतो. एकट्या मालकीच्या खात्याला वारस लावता येतो.

मनी-बॅकच्या फॉर्मवर आधीच सही केली असेल, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस मोजा. तेवढ्यात परत केली तर थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. एजंट नात्यातला असेल तर त्याच्याकडूनच टर्म घ्या, त्यालाही राग येणार नाही.