साल खाणाऱ्या अळीचा कामगंध कसा ओळखायचा?

प्रश्न: हडपसरच्या पुढे आमची पेरूची जुनी बाग आहे. साल खाणारी अळी दरवर्षी फांद्या पोखरते. गुलाबी बोंडअळीला असतो तसा हिच्यासाठी कामगंध (नराला बोलावण्यासाठी मादी सोडते तो गंध) सापळा करायचा, तर तो गंध शोधतात कसा? मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, तिला जमेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: जमेल. मात्र या किडीची वर्षाला एकच पिढी, त्यामुळे हुकलं की वर्ष गेलं. उन्हाळ्यात पतंग निघण्याआधी कोष असलेल्या फांद्या कापून आणा आणि एकेक कोष वेगळ्या बरणीत ठेवा. एकत्र ठेवले तर नर-मादीचं मीलन होतं, आणि मग मादीत गंध जवळपास उरतच नाही.

मादी पोटाचं टोक बाहेर ताणून बसते, ती गंध सोडायची वेळ. रात्री मंद लाल उजेडात दर अर्ध्या तासाने पाहून ही वेळ टिपा, गंध सोडणारी ग्रंथी तेव्हाच काढा. पोट हलकेच दाबलं की टोकाशी ओलसर फुगवटा येतो. तेवढाच कापून १० मायक्रोलिटर हेक्सेनमध्ये (गंध विरघळवणारा द्रव) १५ मिनिटं ठेवा. तासभर राहिला तर अंगातली चरबीही उतरते आणि तिच्या गर्दीत गंध हरवतो. भांडी काचेचीच हवीत, प्लॅस्टिकमधली थॅलेट्स (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) हेक्सेनमध्ये येतात. नुसतं हेक्सेनही एकदा जीसीतून (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातली द्रव्यं वेगळी करणारं यंत्र) चालवा, म्हणजे त्यातली भेसळ कळेल.

पुढचा निवाडा नराच्या मिशीचा. जीसीतून येणारा प्रवाह दुभागून अर्धा यंत्राच्या शोधकाकडे (डिटेक्टर), अर्धा ओलसर हवेतून मिशीवर सोडतात. मिशीचा विद्युत्‌-संदेश ज्या क्षणी हलतो ते द्रव्य आपलं, आलेखातलं शिखर कितीही बुटकं असो. जीसी-एमएस (जीसीला जोडलेला, रेणूंचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर) पुण्यात मिळेल, पण मिशी जोडायची सोय आहे का ते आधी विचारा. एमएसवरून रेणूतल्या कार्बनच्या साखळीची लांबी कळते. दुहेरी बंधाची जागा सहसा डायमिथाइल डायसल्फाइडची प्रक्रिया केल्यावरच कळते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती घटकांच्या आपसातल्या प्रमाणात. बोंडअळीचा गंध म्हणजे दोन समघटकांचं (रेणुसूत्र तेच, रचना वेगळी) साधारण १:१ मिश्रण. एकटा कुठलाही घटक नराला ओढत नाही. म्हणून रबरी सेप्टावर (गंध हळूहळू सोडणारं छोटं बूच) १ मिलिग्रॅम घेऊन वेगवेगळी प्रमाणं बागेत लावा, सोबत एक कोरा, बिनगंधाचा सापळाही. जागा आलटूनपालटून बदला, नाहीतर जास्त किडलेल्या झाडाजवळचा सापळा उगीच सरस ठरतो.

प्रश्न: तोवर झाडांचं काय?

उत्तर: अळीने सालीवर केलेला जाळी-विष्ठेचा पट्टा खरवडा, भोकात तार घालून अळी मारा, रॉकेलचा बोळा कोंबून चिखलाने लिंपा.