रक्त मजुराचं, होकार बागायतदाराचा?

प्रश्न : द्राक्षबागेत औषध मारणाऱ्या मजुरांचं रक्त तपासायला संशोधकांची टीम येणार आहे. बागायतदारांनी होकार दिलाय. फॉर्म इंग्रजीत आहे, काहींना तर वाचताच येत नाही. नुसता अंगठा घेतला तर चालेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : बागायतदाराचा होकार बागेत शिरण्यापुरता. सुई ज्याच्या दंडाला टोचणार, संमती त्याचीच लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. माहितीपत्रक मराठीत मागा. वाचता येत नसेल त्याला ते पूर्ण वाचून दाखवायचं, आणि तेव्हा अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. मजुराचा अंगठा, साक्षीदाराची सही आणि तारीख. मुकादमाला साक्षीदार करू नका, त्याच्यासमोर ‘नाही’ म्हणायची हिंमत कोण करणार? फॉर्मची प्रत घरी न्यायची. तिच्यावर संशोधकाचा आणि अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीचा फोन नंबर असायला हवा.

आता विचारायचा खरा प्रश्न : रक्त किती वेळा घेणार? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी रक्तातल्या कोलिनएस्टरेज या एन्झाइमची पातळी घटते. पण त्याची मूळ पातळी माणसागणिक इतकी वेगळी असते की एकाच नमुन्यावरून घट झाली की नाही हे सहसा कळत नाही. म्हणून सलग महिनाभर औषधाशी संबंध आला नसेल तेव्हा एक नमुना आणि फवारणीच्या काळात पुढचे, असं करावं लागतं. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतरही फवारण्या चालूच असतात, असा महिना गाठणं कठीण. तरी तो गाठायलाच हवा. बोटातून रक्त घेणार असतील तर आधी हात साबणाने स्वच्छ धुवायला लावा. कातडीवर औषध राहिलं, तर पातळी खोटीच कमी दिसते. आराखडाच कच्चा असेल तर गरिबाला सुई टोचणंच अनैतिक, मग संमतीपत्र कितीही चोख असो.

अहवाल मजुरालाच मिळाला पाहिजे, मालकाला नावानिशी नाही. नाहीतर पातळी खाली गेलेल्याला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणतील. कॅलिफोर्नियातल्या नियमांनुसार पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली आली की कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींतली ७० टक्क्यांवर उतरली की माणसाला फवारणीतून बाजूला काढतात. तुमच्याकडे कुणाची पातळी अशी घसरली तर टीम काय करणार आणि त्या दिवसांची हजेरी कोण देणार, हे आधीच लेखी घ्या.

प्रश्न : शाळेत अ‍ॅनिमियाच्या संशोधनासाठी मुलांचं रक्त घेणार आहेत. ‘हरकत असेल तरच कळवा’ अशी चिठ्ठी आली. हे बरोबर आहे का?
– एक पालक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : नाही. संशोधनासाठी रक्त घ्यायचं तर पालकांची लेखी संमती लागते. चिठ्ठीला उत्तर न देणं म्हणजे होकार नव्हे. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार घ्यायचा. मूल नको म्हणालं तर थांबायचं. मुख्याध्यापकांची सहीही पुरत नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लसीच्या प्रकल्पात अनेक मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. सरकारी आरोग्य तपासणी वेगळी; त्यामुळे हे उपचारासाठी की संशोधनासाठी, ते शाळेकडून लेखी घ्या. उरलेलं रक्त साठवणार असतील तर त्यासाठी फॉर्मवर वेगळी चौकट हवी. तिथे ‘नाही’वर खूण करूनही मूल अभ्यासात राहू शकतं.